अनसूयाची भोजली

अनसूया गेली तेव्हा घरातला सकाळचा चहा व्हायचा होता. दवाखान्यात रात्रभर विनोद होता, आमचा मुलगा. त्याचा फोन आला, "बाबा, या." एवढंच बोलला. मी चपला घातल्या आणि निघालो. समजायचं ते समजलं होतं... वय झालेली बाई होती, छातीचं दुखणं होतं, डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

फोन करायचं काम माझ्याकडे आलं, कारण नातेवाईक कोण कुठे आहेत हे घरात मलाच पाठ. साकोलीचे मेहुणे, तुमसरची माझी बहीण, नागपूरची आमची मुलगी मीरा. "अनसूया गेली, चार वाजता नेतो," एवढं सांगायचो आणि फोन ठेवून द्यायचो. समोरचा रडायला लागला की पुढचा फोन राहतो. दुपारपर्यंत रिसालीचं आमचं घर भरून गेलं. सगळं रीतीनं झालं. तेरवीला अंगणात मांडव घातला, पंगती उठल्या. तिसऱ्या पंगतीत वाढता वाढता मीरा थांबली. हातात बुंदीचं भांडं तसंच. म्हणाली, "बाबा, भोजलीमावशीले कोणी सांगितलं?"

मी विनोदकडे पाहिलं, विनोदनं माझ्याकडे. सूनबाईला वाटलं होतं मीराताईनं सांगितलं असेल. मीराला वाटलं होतं बाबांनी. सांगितलं कोणीच नव्हतं. विनोदनं तिथल्या तिथे आईच्या फोनमधून नंबर काढला, तर तो बंद. मग पत्ता आठवू लागलो. कुम्हारी, याच्यापुढे कोणाला काही ठाऊक नाही. आणि नाव? पन्नास वर्षं जी बाई आमच्या घरी येत-जात होती तिचं नाव त्या मांडवातल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं.

ही भोजली कोण, हे सांगायचं तर मागे जावं लागते. मी सातवीपर्यंत शिकलो, सांगायची रीत मला येत नाही. जसं आठवते तसं लिहितो.

मी इथे भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे हेल्पर, म्हणून लागलो, आणि सेक्टरमध्ये क्वार्टर मिळाल्यावर अनसूयाला घेऊन आलो. ती साकोलीकडच्या खेड्यातली, धानाच्या बांधावर वाढलेली. इथे डाव्या हाताला बिहारी, उजव्या हाताला तेलुगू, मागच्या लाइनीत मल्याळी. हिला हिंदी येत नव्हती. मी ड्यूटीवर गेलो की दार लावून बसायची. एकदा आलो तर म्हणाली, "आज दिवसभर माह्या तोंडातून एक शब्द नाही निघाला." तक्रार नव्हती ती, नुसतं सांगितलं. मी जेवलो आणि झोपलो. कोक ओव्हनच्या धगीत आठ तास काढून आलेला माणूस काय बोलणार.

तिचं पहिलं बोलणं झालं ते भाजीवालीशी. जामुलच्या पलीकडल्या गावातून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन सेक्टरमध्ये यायची. हिच्याच वयाची असेल, एखाद-दोन वर्षांनी मोठी. ती म्हणे अमारी, ही म्हणे अंबाडी. पान तेच, भाव करायचा तेवढा बाकी. भाव करता करता ती ओट्यावर टेकायला लागली. ही पाणी द्यायची. ती छत्तीसगढी बोलायची, ही आमची झाडीकडची मराठी, आणि दोघींचं चालून जायचं. काय बोलत होत्या मला माहीत नाही. मी आत झोपलेला असायचो, आणि माझ्यासाठी दोघी आवाज दाबून बोलायच्या.

असंच एका पावसाळ्यात, राखीच्या दुसऱ्या दिवशी, ती दुपारी टोपली न घेता आली. केस ओले, नवं लुगडं, आणि हातात गव्हाच्या कोंबांची जुडी. आमच्याकडे नवरात्रात घटाला उगवतात ना, तसे पिवळे लांब कोंब. तिनं त्यातले चार अनसूयाच्या कानाच्या मागे खोवले. अनसूयाला वाटलं परसाद आहे. आणि आपल्या लोकांची सवय तर तुम्हाला माहीत आहे. दसऱ्याला कोणी सोनं दिलं की आपण ते नुसतं घेत नाही, आपल्या हातचं परत देतो. न देणं बरं दिसत नाही. हिनं त्याच जुडीतले चार कोंब घेतले आणि तिच्या कानामागे खोवून दिले. ती बाई "सीताराम भोजली" म्हणाली आणि हिच्या गळ्यातच पडली. हीपण म्हणाली, सीताराम.

दुसऱ्या दिवशी मी ए शिफ्ट करून दोन वाजता घरी आलो. तोंडावर कोळसा, हातात डबा. पाहतो तर समोरच्या खोलीत अनोळखी माणसं बसलेली. म्हातारी बाई, तरुण माणूस, दोन लेकरं. चटईवर तांदळाची गाठोडी, नारळ, आणि एक नवं धोतर. तो माणूस उठला आणि त्यानं मला मिठीच मारली. मला वाटलं, प्लांटात चिकटवून द्या म्हणायला आला. मी म्हटलं, "भाऊ, मी खुद खलाशी हाव." शेवटी पलीकडल्या क्वार्टरमधला एक राजनांदगावचा फिटर आला, त्यानं समजावून सांगितलं. म्हणाला, हे त्या भाजीवालीच्या घरचे, आणि तुमच्या घरच्या बाईनं तिच्याशी भोजली, म्हणजे ते कोंब, बदलली आहे. म्हणजे या दोघी आता जन्माच्या बहिणी, सख्ख्या बहिणींपेक्षा वरच्या. एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, भोजली म्हणायचं. लग्नाकार्यात मान, दुःखात आधी हजर, आणि मरण झालं तर घरच्यासारखं सुतक.

तेव्हा माझी माय आमच्याकडे राहत होती. पाहुणे जाईपर्यंत कशीबशी गप्प बसली. मग सुटली. जातीचं ना पातीचं, भाजीवालीशी सोयरीक केली कावून, जाऊन सांगून दे का चुकून झालं. अनसूया कणीक मळत होती. हात थांबवला नाही तिनं. म्हणाली, "माह्याकडून चुकून झालं हे खरं हाय. पण तिनं चुकून नाही केलं."

मायच्या तोंडावर माझी बायको त्याआधी कधी बोलली नव्हती. मी मधे पडलो नाही. खरं सांगायचं तर मला तिचं बोलणं बरोबर वाटलं.

मायनं बरेच दिवस धरून ठेवलं. भोजली आली की आपला पितळी गिलास उचलून आत नेऊन ठेवायची. भोजली हसायची. मग माय न्हाणीत पडली, कमरेचं हाड गेलं. अनसूयाच्या पोटात तेव्हा विनोद होता, तिच्यानं मायला उचलणं होईना. भोजली भाजी विकून रोज यायची, मायला कुशीवर करायची, तेल लावायची, आणि जाताना तिच्याच पितळी गिलासात पाणी पिऊन जायची. मुद्दाम. मायनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. पुढे एक दिवस तिला यायला उशीर झाला तर माय खाटेवरून विचारते, "भोजली कुठी मेली वो आज?" बस, तिथे ते भांडण संपलं.

अनसूया काही देवी नव्हती. गेलेल्या माणसाबद्दल लोक गोडगोड लिहितात, मी लिहिणार नाही. तोंडानं फटकळ होती. माझी सी शिफ्ट, म्हणजे रातपाळी, असली की दिवसा घरात कोणी मोठ्यानं शिंकलं तरी त्याची खैर नाही, आणि मी उठलो की तीच भांडी आपटायची. लेकरं हिंदीत बोलायला लागली तेव्हा तिनं साफ सांगितलं, बाहेर काय बोलायचं ते बोला, भाकर मराठीतच मागायची. हिंदीत मागितली तर मिळायची नाही. आणि खरंच द्यायची नाही. मीरा रडायची, पण मराठीत मागायची. आज मीराची लेकरं मराठी बोलतात ते त्याच्यामुळे.

भोजलीशीपण भांडायची. एकदा कोहळ्याच्या वड्यांवरून जुंपली. ही म्हणे तू उडदाची डाळ कमी टाकली, ती म्हणे तुले वड्यांतलं काय समजते. अख्खा उन्हाळा दोघी बोलल्या नाहीत. भोजली आमचा ब्लॉक सोडून पुढच्या ब्लॉकला भाजी विकायची, आणि ही खिडकीतून पाहायची. पावसाळा आला, राखी झाली, आणि दुसऱ्या दिवशी भोजली कोंब घेऊन दारात उभी. वड्यांचा विषय कोणी काढला नाही. मी काढणार होतो, अनसूयानं डोळे वटारले.

अशी वर्षं गेली. मीराचं लग्न झालं तेव्हा मांडवात मामीच्या मागे भोजलीचा मान होता, आणि साकोलीच्या लोकांनी नाकं मुरडली तर अनसूयानं ती मुरडू दिली. मी रिटायर झालो, क्वार्टर सोडलं, रिसालीत घर बांधलं. भोजलीचा नवरा वारला. तिच्या मुलाला कुम्हारीत एका कारखान्यात काम लागलं, तर ती त्याच्यासोबत तिकडे गेली. डोक्यावर टोपली घ्यायचं वय राहिलं नव्हतं. मग अनसूया जायला लागली, बसनं, एकटी. मी म्हणायचो मीपण येतो. म्हणायची, "तुमी आले का आमचं बोलणं अर्धं राहते." मला त्यात वाईट वाटायचं काही नव्हतं. सकाळी जायची, दिवे लागायच्या आत परत. त्या दिवशी घरात कोणाला रागवायची नाही. शेवटच्या वर्षात गुडघ्यांनी दगा दिला, जाणं तुटलं. फोन व्हायचे. मग छातीचं सुरू झालं, आणि दवाखान्याच्या धावपळीत तेही राहून गेलं.

तेरवी झाली, पाहुणे गेले. माझे पाय सुजले, शुगर वाढली, डॉक्टरनं घराबाहेर पडू नका म्हटलं. विनोद म्हणायचा, सुट्टी मिळाली का आपण जाऊ, शोधून काढू. त्याची नोकरी रायपूरला, सुट्टी कुठून मिळते. महिना उलटून गेला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळायची... दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिला समजलं तर? आणि त्याच्यापेक्षा वाईट, समजलंच नाही तर? ती म्हातारी बाई तिकडे वाट पाहून राहिली असेल. अनसूयाला मी आयुष्यात फार काही दिलं असं नाही, पण ही बातमी देणं माझ्यावर होतं. पायाची सूज उतरली त्या दिवशी कोणाला न विचारता बसमध्ये बसलो.

कुम्हारीत उतरून चहाच्या टपरीवर विचारलं. नाव काय? भोजली. चहावाला हसला. म्हणाला, "बबा, इहां तो आधा गांव भोजली हे." काय करते? आधी भाजी विकायची, भिलाईत. अशाही पुष्कळ. मुलाचं नाव? राजू. बाकावरचे दोघं-तिघं हसले, त्यातला एक स्वतः राजू होता. मी उन्हात उभा. मग म्हटलं, मी मराठी आहे, भिलाईहून आलो, माझ्या घरची बाई इकडे यायची. हे ऐकल्याबरोबर टपरीवर बिस्किटं घ्यायला आलेली एक बाई वळली. म्हणाली, मग सरळ मराठिन दाईचं घर विचारा ना. आणि चहावाल्यालापण ते घर माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं.

त्या वस्तीत जिला मराठिन दाई, म्हणजे मराठी माय, म्हणतात ती मराठी नव्हतीच. होळीला पुरणाची पोळी करते, नातवांना रागावताना "अरे मेल्या" म्हणते, म्हणून लोकांनी तिला ते नाव ठेवलेलं. आमच्या घरात ती भोजली, तिच्या वस्तीत ती मराठिन. हे माझ्या बायकोला माहीत असेलच. मला सांगितलं नव्हतं.

घर मिळालं. समोर परछी, म्हणजे आपली ओसरी. भोजली तिथे बसून भाजी निवडून राहिली होती. डोळ्यांवर जाड काच. मला तिनं चालीवरून ओळखलं असेल. मला ती भांटो म्हणते, बहिणीच्या नवऱ्याला तिकडे तसं म्हणतात. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, रस्त्याकडे. मागे कोणी नव्हतं. भाजीचा हात थांबला.

मी म्हटलं, "भोजली गेली."

तिनं विचारलं, कधी. मी सांगितलं. महिना वर होऊन गेला हे ऐकल्यावर तिनं निवडलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "मोर हक रिहिस, भांटो." माझा हक होता. मी म्हटलं, हाव, होता. कोणाला वाटलं कोणी सांगितलं असेल, फोन बंद होता, पाय सुजले होते... हे सगळं मी सोबत घेऊन गेलो होतो, पण त्यातलं काही काढलं नाही. काढण्यासारखं ते नव्हतं.

तिनं आत आवाज देऊन सुनेला चुलीवरचा भात उतरवायला सांगितलं. आज घरात चूल पेटणार नाही. सून दारात आली, तिला काही समजेना, भात तर अर्धा शिजला होता. मीच म्हटलं, "राहू द्या, आता महिना झाला."

भोजली म्हणाली, "तुंहर घर म महीना होगे. मोर घर म तो आज गे हे." तुमच्या घरात महिना झाला, माझ्या घरात ती आज गेली.

सुनेनं भात उतरवला. चुलीत पाणी टाकल्याचा आवाज मी ऐकला.

मग वस्तीतल्या बायका येत गेल्या. तिकडच्या बायका बोलत बोलत रडतात, गेलेल्या माणसाला सगळं सांगत सांगत. मला अर्धं समजत होतं. अनसूया बसमधून उतरून कोणाच्या लेकराला गोळ्या द्यायची, कोणाच्या मुलीला हिनं टाका शिकवला, कोणाच्या भांडणात पडून नवऱ्याला झापलं... माझ्या बायकोबद्दल त्या मला ऐकवत होत्या आणि मी पाहुण्यासारखा ऐकत होतो.

बायका गेल्यावर भोजलीनं विचारायला सुरुवात केली. आमच्याकडे आले ते सगळे मला हिंमत ठेवा म्हणून गेले होते. हिनं तसं काही म्हटलं नाही. हिनं विचारलं, शेवटी काय खाल्लं? मी सांगितलं, मुगाचं वरण, दोन चमचे. मीठ होतं का? नव्हतं, डॉक्टरनं बंद केलं होतं. त्यावर मान हलवली तिनं, जशी काही चूक माझीच. लुगडं कोणतं नेसवलं? हिरवं. काठ कसा? ते मला माहीत नव्हतं. केस कोणी धुतले, तेल कोणी लावलं, कुंकू कोणी लावलं... ते मी कुठून सांगू, मी तर बाहेर माणसांत होतो. मीराला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून दिला. मीरानं एकेक सांगितलं. केस मी धुतले मावशी, गुंता झाला होता, हळूहळू सोडवला. काठ लाल होता. तुम्ही दिलेल्या बांगड्या काढल्या नाहीत, तशाच ठेवल्या. आईच्या मरणात, तेरवीत, सगळं उभ्यानं करणारी माझी मुलगी त्या फोनवर पहिल्यांदा रडली. भोजलीनं तिला थांब म्हटलं नाही. ऐकत बसली. शेजारच्या घरून ताट आलं, ते मला जेवायला लावलं, आणि सांगितलं का तिसऱ्या दिवशी नहावन, म्हणजे सुतकाची आंघोळ, आहे, या.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मीरा नागपूरहून आली, विनोदनं सुट्टी काढली. मिळाली सुट्टी. वस्तीतल्या बायका तळ्यावर जाऊन आंघोळ करून आल्या, भोजली पुढे, मीरा तिच्यासोबत, दोघी ओलेत्यानं. परछीत दाटी झाली होती. माणसं उभी होती, लेकरं मांडीवर. तरी आतल्या दारापाशी खांबाला लागून एक जागा रिकामी होती. विनोद तिथे टेकायला गेला, तर भोजलीचा नातू म्हणाला, तिथे नको, ती भोजली आजीची जागा आहे. त्यांच्या घरात भोजली म्हणजे अनसूया. विनोद उभाच राहिला.

माझ्या घरी असं काही नाही. बाज दान दिली, गादी दिली, कपाटात आता नातवाची पुस्तकं आहेत. ती कुठे बसायची हे मला विचारलं तर मी सांगीन, सगळीकडे. बसली केव्हा होती ती.

लोक उठून गेले. मीरा आणि विनोद राजूसोबत अंगणात बोलत होते. भोजलीनं चूल पेटवली. तिनं आतूनच मला आवाज दिला, भांटो, इथे येऊन बसा. त्या जागेकडे हात केला. मी नको म्हटलं. ती म्हणाली, बसा, तुमचे पाय दुखतात, खांबाला टेकता येते.

मी बसलो. तिथून रस्ता दिसत नाही, अंगणही नीट दिसत नाही. फक्त चूल दिसते, आणि चुलीपुढे बसलेल्या माणसाचं तोंड. त्यासाठीच ती जागा निवडलेली असणार. भोजली मान वर न करता बोलू लागली... डाळ महाग झाली, सून ऐकत नाही, डोळ्याचं आपरेशन करा म्हणतात, मी नाही करणार. भराभर, छत्तीसगढीत. माझ्याशी ती असं कधी बोलली नव्हती. पुष्कळसं मला समजलं नाही. मधे ती थांबायची तेव्हा मी हाव म्हणायचो, आणि ती पुढे बोलायची.